कासार गल्लीचा क्षोभांक

रांजणघाटात खरं बोलणारं एकच ठिकाण उरलं होतं, आणि ते गटार होतं.

बाकी सगळीकडे लोक समाधानी होते. चहाच्या टपरीवर समाधानी, सलूनमध्ये समाधानी, फोनवर तर इतके समाधानी की पलीकडच्याला संशय यावा. अखंड लोकसेवा पक्षाचं राज्य येऊन सव्वीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत माणूस काय बोलावं हे शिकतोच. पक्षाची अडचण नेमकी इथंच झाली. निवडणूक आठ आठवड्यांवर आली, समोर पहिल्यांदाच खरोखरचा विरोधक उभा राहिला, आणि ज्याला विचारावं तो म्हणे, "तुमच्याशिवाय आहे कोण?" सव्वीस वर्षं या उत्तरावर पक्षाला गाढ झोप लागायची. आता त्याच उत्तरानं घाम फुटायला लागला.

खरोखरचा विरोधक म्हणजे शालिनीताई घोलप, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी अर्ध्या तालुक्याला गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला गणितात नापास केलं होतं. नवल म्हणजे दोन्ही अर्ध्यांना त्या आवडायच्या. त्यांच्या सभेला कोणी जात नसे. मात्र त्या चौकात बोलायला उभ्या राहिल्या की आजूबाजूच्या घरांतले मिक्सर बंद व्हायचे आणि खिडक्या बोटभर उघडायच्या.

म्हणून पक्षानं 'जनमन' आणलं.

जनमन ही वीतभर लांबीची नळी. ती गल्लीतल्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये बसवायची. माणूस चिडला, धास्तावला, ताणाखाली आला की त्याच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्यातला थोडा भाग लघवीतून बाहेर पडतो. तोंडावर ताबा ठेवता येतो, मूत्रपिंडावर येत नाही. पहाटे पाच ते सातच्या दरम्यान वाहून येणाऱ्या पाण्यातलं कॉर्टिसॉल नळीच्या टोकाला असलेल्या लेपाला चिकटायचं आणि नळी त्याचं प्रमाण मोजायची. कुणाच्या घरी किती माणसं, कुणी किती बादल्या ओतल्या, यानं हिशेब बिघडू नये म्हणून त्याला क्रिएटिनिनच्या प्रमाणानं भागायचं. स्नायूंच्या झिजेतून तयार होणारा हा पदार्थ प्रत्येक माणूस रोज साधारण सारखाच टाकतो, मग तो सत्ताधारी असो की विरोधक. या भागाकाराला क्षोभांक म्हणायचं. शंभरच्या आसपास असला की माणूस सुखी. एकशेचाळीसच्या वर गेला की नकाशावर गल्ली लाल.

यंत्र एका खासगी कंपनीचं होतं, पण रोजच्या तक्त्यावर सही सरकारी माणसाची लागायची. ती सही हेमलता निफाडे करत. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात त्या तेवीस वर्षं रसायनतज्ज्ञ होत्या. या तेवीस वर्षांत त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. तशी वेळच आली नव्हती, कारण मैल्याच्या आकड्यांत आजवर कुणाला रसच नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांनी कंपनीच्या माणसाला शंका विचारली होती. ऋग्वेद चांदेकर, वय अठ्ठावीस, पुण्याहून आलेला, पायात पांढरे बूट. मैलापाणी केंद्रावर पांढरे बूट घालून येणारा तो पहिलाच.

"चांदेकर, हे यंत्र ताण मोजतं, राग नाही मोजत. माणूस घाबरला तरी कॉर्टिसॉल वाढतं. आजारी पडला तरी वाढतं."

"मॅम," ऋग्वेद म्हणाला, "मत देताना सगळं सेमच असतं."

तिसऱ्या आठवड्यात कासार गल्लीचा क्षोभांक एकशेसेहेचाळीस आला.

ही हेमलताबाईंचीच गल्ली. सहाशे बारा मतदार, तांब्यापितळेच्या भांड्यांची चाळीसेक दुकानं, चार दिवसांआड पाणी. त्यांचे यजमान बाळकृष्ण निफाडे यांना गल्ली बाळअण्णा म्हणायची. भांड्यांचं दुकान हा त्यांचा व्यवसाय आणि पक्षाचं गल्लीप्रमुखपद हा त्यांचा स्वभाव. बावीस वर्षं ते गल्लीप्रमुख होते. मंत्री आबासाहेब रणनवरे शहरात आले की पहिली घोषणा बाळअण्णांची. त्यांचा आवाज पितळी होता आणि घोषणेनंतरही थोडा वेळ घुमायचा.

गल्ली लाल झाली तशी पक्षानं तिथं आपुलकी पथक पाठवलं. तीन मोटारसायकली, सहा माणसं. चहाच्या वेळेला घरोघर जायची, खुर्चीत ऐसपैस बसायची आणि विचारायची, "काही त्रास नाही ना?"

"नाही," लोक म्हणायचे.

"असला तर सांगा. आम्ही लिहून घेतो."

"नाही नाही, काही नाही."

"नक्की?"

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षोभांक एकशेबासष्ट. म्हणजे आपुलकी कमी पडली. पथकाच्या तीनाच्या पाच मोटारसायकली झाल्या. क्षोभांक एकशेएक्याऐंशी. लोक आता घरात मोरीजवळ हळू आवाजात बोलायला लागले. नळीला कान नसतात हे हेमलताबाईंनी शेजारणींना चार वेळा समजावलं. त्या मान डोलावायच्या आणि मोरीवर पाट झाकून ठेवायच्या.

मग वरून पत्र आलं. जी गल्ली सलग दहा दिवस लाल राहील, तिचं मतदान केंद्र सुरक्षेच्या कारणास्तव चौदा किलोमीटरवरच्या दूध डेअरीच्या गोदामात हलवलं जाईल. त्या रस्त्याला बस नव्हती. कासार गल्लीतले निम्मे मतदार साठीच्या पुढचे. गुडघ्यांचा विचार करून ते देवळातसुद्धा पायरीशीच नमस्कार करायचे. म्हणजे सहाशे बारांतले शंभर पोचले तरी पुष्कळ. दहावा दिवस शुक्रवारी येत होता. त्या दिवशी तक्त्यावर सही करायची होती ती हेमलताबाईंनी.

सहाव्या दिवशी ऋग्वेदनं गल्लीच्या आकड्याची फोड करून प्रत्येक चेंबरचा आकडा दिला. हेमलताबाईंची नजर आपोआप चौदा नंबरच्या चेंबरवर गेली. त्याला एकच घर जोडलेलं होतं. त्यांचं. आकडा होता एकशेनव्वद.

घरात माणसं दोन. मुलगी नागपूरला. हेमलताबाईंनी प्रयोगशाळेत स्वतःचा नमुना तपासला. एकशेपंधरा आला. कागदावर साधी वजाबाकी केली. दोघांची सरासरी एकशेनव्वद, म्हणजे बेरीज तीनशेऐंशी. त्यातून एकशेपंधरा गेले. उरले दोनशेपासष्ट.

गल्लीतला सगळ्यांत जास्त क्षुब्ध माणूस गल्लीप्रमुख होता.

सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याविषयी बायकोला कळायचं ते बहुतेक कळून चुकलेलं असतं. हे नवीन होतं, आणि ते असं कागदावर कळायला नको होतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "अहो, तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"रागबिग आलाय का कशाचा?"

"राग? कुणाचा?" बाळअण्णांनी मोरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आबासाहेबांचा? काहीतरीच. देवमाणूस आहे."

"मोरीकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

बाळअण्णांनी बशीत चहा ओतला, प्यायले नाहीत. मग सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढून पुढे केला. छापील कागद होता. वर 'आपुलकी पथक', खाली एक ते सहा आकडे आणि प्रत्येकापुढे रिकामी ओळ.

"गल्लीत जास्त त्रास कुणाकुणाला आहे त्यांची सहा नावं द्यायचीत," ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत. त्यांची विशेष काळजी घेणारेत म्हणे."

"कसली काळजी?"

"विचारलं मी. हसले नुसते."

पहिल्या ओळीवर खोडाखोड होती. हेमलताबाईंनी कागद उजेडात धरला.

"बशीरभाईंचं नाव लिहिलं होतं तुम्ही?"

बशीरभाई समोरच्या घरातले कल्हईवाले. पन्नास वर्षं गल्लीतल्या भांड्यांना कल्हई करत होते. बाळअण्णांच्या दुकानातलं एकही पातेलं त्यांचा हात लागल्याशिवाय विकलं गेलं नव्हतं.

"एकदा लिहिलं," बाळअण्णा म्हणाले. "मग खोडलं. मग उठून हात धुतले. बावीस वर्षं मी लोकांची नावं लिहितोय गं. गॅससाठी लिहिली, घरकुलासाठी लिहिली, गणपतीच्या वर्गणीसाठी लिहिली. ही सहा लिहायला बसतो आणि पेन चालत नाही. सहा दिली नाहीत तर सातवं नाव कुणाचं असेल, तेवढं कळतं मला."

चहावर साय धरली. दोघांनीही तो तसाच ठेवला.

शुक्रवारच्या आधीचा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता. गल्लीत पितळी तांबे घासूनपुसून बाहेर आले, पाटांवर महालक्ष्मी बसल्या. शुक्रवारी सकाळी सात वाजता हेमलताबाईंच्या हाती नळ्यांचे आकडे आले. गल्लीचा क्षोभांक एका दिवसात एकशेचौऱ्याऐंशीवरून दोनशेनऊवर गेला होता.

त्या पाच मिनिटं आकड्याकडे बघत बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की काल संध्याकाळपर्यंत त्यांच्या स्वतःच्या पोटात केळी आणि दूध यापलीकडे काही नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या नव्हतं.

उपाशी राहिलं की रक्तातली साखर उतरते. ती सावरायला शरीर साठवणीतली साखर बाहेर काढतं, आणि हे काम करवून घेणाऱ्यांत कॉर्टिसॉल असतं. म्हणजे उपासानं कॉर्टिसॉल वाढतं. थोडं वाढतं. पंचवीस अंकांची वाढ उपासाची मानता आली असती. दोनशेनऊ मानता येत नव्हता. यंत्र परदेशी, ते जिथं बनलं तिथं मार्गशीर्ष नव्हता, त्यामुळे यंत्राला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

सगळा प्रश्न 'थोडं' या शब्दाचा होता. तेवढा एक शब्द न उच्चारता बाकी सगळं खरं सांगता येणार होतं. तेवीस वर्षांत हेमलताबाईंच्या मनाला असला विचार शिवला नव्हता. त्यांनी हात धुतले, घरी फोन लावला आणि म्हणाल्या, "अहो, यादी करायला घ्या. सहाची नको. गल्लीत उपास कोण कोण करतं, वारासकट, सगळ्यांची. चार वाजता रेस्ट हाउसवर आबासाहेबांसमोर मांडायचीय."

बाळअण्णांचं पेन धावायला लागलं. घराघरात शिरून ते विचारत होते आणि लिहीत होते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. जे करत नव्हते तेही आठवून आठवून सांगत होते. कुणाला आईनं घातलेला उपास आठवला, कुणाला नोकरी लागावी म्हणून धरलेला. कशासाठी विचारताय, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत कोणीच काही विचारत नसे.

दारात भाता लावून बसलेल्या बशीरभाईंना ओलांडून बाळअण्णा पुढे निघाले तशी हाक आली.

"बाळअण्णा! माझं घर गाळलंस?"

"उपासाची यादी आहे हो चाचा."

"ऐकलं. सोमवार आणि गुरुवार लिही. रोजे ठेवतात आमच्यात त्या दिवशी."

"तुम्ही ठेवता?"

"मी? मला साखरेची गोळी आहे दोन वेळची. पण ठेवतात." बशीरभाईंनी चिमट्यातलं पातेलं उलटं केलं. "पाच माणसं आहेत घरात. पाचही लिही. नीट अक्षरात लिही, तुझं अक्षर फार घाणेरडं."

बाळअण्णांनी पाच नावं लिहिली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना मान वर करवली नाही.

चार वाजता रेस्ट हाउसच्या व्हरांड्यात आबासाहेब रणनवरे वेताच्या खुर्चीत बसले होते. पाच वेळा आमदार, दोन वेळा मंत्री. अलीकडे त्यांचा उजवा पाय आपोआप हलायचा आणि तो हलतोय हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना दिसायचं. शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन ऋग्वेद. हेमलताबाई समोर, आणि दाराशी यादी छातीशी धरून बाळअण्णा.

"निफाडेबाई, सरळ सांगा," आबासाहेब म्हणाले. "माझी कासार गल्ली माझ्यावर चिडलीय का?"

"साहेब, गल्ली उपाशी आहे," हेमलताबाई म्हणाल्या.

आबासाहेबांचा पाय थांबला. हेमलताबाईंनी घाईनं खुलासा केला. उपास, साखर, कॉर्टिसॉल, सगळं सांगितलं. एक शब्द सोडून सगळं.

ऋग्वेद मान खाली घालून ऐकत होता. "मॅम, पहाटेचा आकडा आदल्या दिवसाचा धरला तर गुरुवार मान्य. पण गल्ली दहाही दिवस लाल आहे. सोमवारी एकशेत्र्याऐंशी."

"सोमवार शंकराचा," दारातून बाळअण्णा म्हणाले. "एक्याऐंशी माणसं आहेत. शिवाय बशीरभाईंच्या घरचे पाच."

"कल्हईवाला बशीर? उपास करतो?" आबासाहेब खुर्चीत पुढे झाले.

"रोजा म्हणतात ते, साहेब."

"बघा!" आबासाहेब ऋग्वेदकडे वळले. "सलोखा म्हणतात तो हा. पुढं बोला."

"मंगळवारी एकशेएकोणऐंशी."

"गणपतीचा."

"शनिवारी एकशेशहात्तर."

"शनिवार तर मी स्वतः करतो," आबासाहेब म्हणाले. "संध्याकाळी डोकं कसं भणभणतं, मला विचारा. बरोबर आहे बाईंचं. अगदी शास्त्रीय आहे."

शुक्रवार झाला, रविवार झाला. ऋग्वेद एकेक ओळ खाली येत होता. मग त्याचं बोट थांबलं.

"बुधवार. एकशेचौऱ्याऐंशी. गुरुवार सोडला तर सगळ्यांत जास्त. बुधवारी काय असतं?"

हेमलताबाईंनी आठवून पाहिलं. बुधवारी त्यांच्या घरी मासे असायचे. बुधवारी गल्लीतल्या बहुतेक घरांत मासे असायचे, कारण बाजार बुधवारचा. त्यांनी दाराशी, बाळअण्णांच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. आबासाहेबांचा पाय पुन्हा हलायला लागला. एका वारावर गल्लीचे सहाशे बारा मतदार, बाळअण्णांच्या खिशातल्या सहा रिकाम्या ओळी आणि त्यांचा स्वतःचा संसार येऊन ठेपला होता.

"बुधवार तुमचा, आबासाहेब," बाळअण्णा म्हणाले.

"माझा?"

"तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात तो बुधवार होता. तेव्हापासून गल्ली धरते. बोलत नाही कोणी. व्रत बोलून दाखवलं की फळ कमी होतं म्हणतात."

हेमलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा घोषणा देताना असायचा तसाच होता, फक्त आवाज घुमत नव्हता.

आबासाहेब उठले. व्हरांड्याच्या कठड्याशी गेले. खिशातून रुमाल काढून त्यांनी आधी चष्मा पुसला आणि मग डोळे. "पंचवीस वर्षं," ते म्हणाले. "आणि मला कळू दिलं नाही. आणि ह्या माणसांचं केंद्र मी डेअरीत हलवत होतो!"

ऋग्वेदनं घसा साफ केला. गल्लीतले लोक आपल्यासाठी उपास करत नसतील, असं मंत्र्याला सांगण्याची शंभर कारणं त्याच्या लॅपटॉपमध्ये होती. त्यानं व्हरांड्यात उभ्या असलेल्या सहा आपुलकीवाल्यांकडे पाहिलं.

"म्हणजे बुधवारलाही उपासाची सूट द्यायची, सर?"

"बुधवारला सगळ्यांत जास्त द्या!"

ऋग्वेदनं व्रत-गुणांक टाकला. कासार गल्ली हिरवी झाली. मग आबासाहेबांनी विचारलं, उपास काय फक्त कासार गल्लीच करते का? ऋग्वेदनं गुणांक सगळ्या जिल्ह्याला लावला आणि जिल्हा पोपटी झाला.

"आणि त्या सहा नावांचं काय?" निघताना पथकाच्या म्होरक्यानं बाळअण्णांचा दंड धरला.

बाळअण्णांनी सगळी यादी त्याच्या हातात दिली. "सहा कशाला? तीनशे चाळीस आणलीत. घ्या सगळ्यांची काळजी."

त्यानंतरचे एकोणीस दिवस निफाडेंच्या घरात कोणी मोठ्यानं हसलं नाही. मोटारसायकली यायच्या बंद झाल्या. तरी फटफट आवाज आला की दोघं ताटावरून मान वर करायचे. रोज सकाळी हेमलताबाई तक्त्यावर सही करायच्या. डावीकडच्या रकान्यात नळीचा खरा आकडा, उजवीकडे गुणांक लावलेला. त्यांची सही उजवीकडच्या आकड्याखाली असायची. डावीकडचा आकडा हाताखाली झाकून त्या सही करायच्या. तेवीस वर्षं जो हात मोकळा होता त्याला आता सही करताना घाम यायचा. चेंबर चौदाची त्यांनी वजाबाकी पुन्हा केली नाही. आता त्यात आपला वाटाही कमी नसणार, हे त्यांना यंत्राशिवाय कळत होतं.

एका गुरुवारी दुपारी ऋग्वेद केंद्रावर आला. बूट पांढरे राहिले नव्हते.

"मॅम, काल मी कासार गल्लीत गेलो होतो. बुधवार म्हणून."

हेमलताबाईंनी हातातली काचनळी स्टँडमध्ये ठेवली.

"दुपारी एक वाजता गेलो," तो म्हणाला. "कोपऱ्यावरच्या खानावळीत. जागा मिळेना. वीस मिनिटं उभा होतो. सगळी गल्ली जेवत होती. बोंबील होते."

"मग?"

"चांगले होते."

तो खिडकीपाशी गेला. बाहेर टाकीत मैलापाणी शांतपणे गोल फिरत होतं.

"मॅम, जिल्ह्यात सगळ्यांत जास्त क्षोभांक कुठल्या चेंबरचा आहे, माहितीय? आबासाहेब उतरलेत त्या रेस्ट हाउसच्या. तीनशे बारा. पहिल्या दिवसापासून मी तो एकशे दोन दाखवतोय. तुम्हीच सगळ्यांत जास्त घाबरलेले आहात, असं क्लायंटला कसं सांगणार?" त्यानं लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. "तुम्ही निदान काहीतरी कारण तरी दिलंत. मी नुसताच आकडा बदलला."

तो गेल्यावर हेमलताबाई स्टुलावर बसल्या. तो सांगणार नव्हता असं त्याच्या बोलण्यावरून वाटत होतं. वाटण्याचा आकडा काढायचं यंत्र मात्र केंद्रात नव्हतं.

मतदानाच्या दिवशी केंद्र गल्लीतल्याच शाळेत होतं. सकाळी सातला हेमलताबाईंनी खिडकीतून पाहिलं, तेव्हा शाळेच्या फाटकावर पाटी होती, खुर्च्या होत्या, पोलीस होता. त्यांना तरीही खरं वाटेना. त्या खाली जाऊन पाटी वाचून आल्या. बशीरभाई भिंतीला हात लावत लावत रांगेत येऊन उभे होते, त्यांच्यामागे घरातले चौघं. त्यांच्यामागे काठ्या, चालण्याच्या चौकटी, एक चाकाची खुर्ची. रांग भांडी बाजाराच्या वळणावरून पलीकडे गेली होती. कोणी बोलत नव्हतं. सव्वीस वर्षांत मतदानाच्या रांगेत गप्पा, चेष्टा, पानाच्या पिचकाऱ्या असायच्या. आज माणसं हातातलं ओळखपत्र पुन्हा पुन्हा उलटं करून बघत होती, फोटोतला माणूस पळून जाईल अशी.

बाळअण्णा पक्षाच्या मांडवात गळ्यात उपरणं घालून चिठ्ठ्या वाटत होते. साडेअकराला ते उठले, उपरणं खुर्चीवर ठेवलं आणि बायकोशेजारी रांगेत येऊन उभे राहिले.

"मांडवात कोण?" हेमलताबाईंनी विचारलं.

"खुर्ची आहे."

रांग पुढे सरकली. पुरुषांची वेगळी झाली. हेमलताबाईंचं मत देऊन झालं, बोटाला शाई लागली, त्या बाहेर येऊन नळाच्या कट्ट्याशी थांबल्या. बाळअण्णा आत गेलेले त्यांना दारातून दिसत होते. दरवेळी ते तीन सेकंदांत बाहेर यायचे. घोषणा दिल्यासारखं बटण दाबायचं आणि निघायचं. आज पुठ्ठ्याच्या आडोशावर त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं आणि ते हलत नव्हतं.

मिनिट गेलं. दुसरं गेलं. मांडवातून पथकाचा म्होरक्या उठून फाटकापर्यंत आला आणि आत बघायला लागला. हेमलताबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"काका, झालं का?" आतून अधिकाऱ्याचा आवाज आला. "मागं रांग आहे."

"थांबा जरा," बाळअण्णा म्हणाले.

मग यंत्राची लांब शिटी वाजली.

बाळअण्णा बाहेर आले. म्होरक्याच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, सरळ कट्ट्यापर्यंत आले आणि बसले. सदऱ्याची पाठ भिजली होती. हेमलताबाईंनी नळ सोडला, पाणी नव्हतं, बंद केला.

"बावीस वर्षं," बाळअण्णा म्हणाले, "वरचं पहिलं बटण दाबून बाहेर यायचो. आज खालपर्यंत सगळी नावं वाचली." त्यांनी शाईच्या बोटानं घाम पुसला. "अकरा जण उभे आहेत गं. मला माहीतच नव्हतं."